दोरीवरच्या गोधड्या

1965 चा डिसेंबर. अमेरिकेच्या अलाबामा राज्यातल्या विल्कॉक्स परगण्यात फ्रान्सिस वॉल्टर नावाचा एक गोरा पाद्री गाडी घेऊन फिरताना वाट चुकला. मतदारयादीत नाव घालायला गेलेल्या काळ्या माणसांचा जो छळ चालला होता, त्याचे जबाब तो गावोगाव नोंदवत होता. नदीच्या बाजूला एका खोपटाबाहेर दोरीवर तीन गोधड्या वाळत घातलेल्या त्याला दिसल्या. रंग असे झगझगीत, की त्याने गाडी थांबवली. तो दाराकडे यायला लागला, तशी घरातली बाई मागच्या दाराने रानात पळून गेली. अनोळखी गोरा माणूस दारात येतो तेव्हा पुढे काय वाढून ठेवलेलं असतं, हे तिला पुरतं ठाऊक होतं.

या भागातल्या बायकांच्या गोधड्यांची पहिली जाहिरात कोणती, असं विचारलं तर ती हीच. तीन गोधड्या, एक दोरी आणि पळून गेलेली मालकीण.

पुढची गोष्ट समजायची तर आधी जीज बेंड हे गाव पाहायला हवं. अलाबामा नदी इथे घोड्याच्या नालासारखं वळण घेते आणि आतल्या जमिनीला तिन्ही बाजूंनी पाणी वेढतं. 1816 मध्ये जोसेफ गी नावाच्या माणसाने तिथे गुलामांच्या बळावर कापसाचा मळा उभा केला, म्हणून गावाचं नाव जीज बेंड. 1845 मध्ये मळा मार्क पेटवे याच्या हाती गेला. गुलामांना मालकाचं आडनाव लागलं आणि गुलामी संपल्यावरही ते तसंच राहिलं. आजही गावात दर दुसरं माणूस पेटवेच भेटावं, अशी स्थिती. 1932 मध्ये ज्याच्याकडून हे लोक उधार घेत तो व्यापारी मेला, आणि त्याच्या घरच्यांनी वसुलीच्या नावाखाली गुरं, अवजारं, साठवलेला मका, सगळं उचलून नेलं. त्यानंतर रूझवेल्ट सरकारने जमीन विकत घेऊन ती कुळांना सवलतीत विकली. हे फार मोलाचं ठरलं. साठच्या दशकात मताचा हक्क मागितला तरी जमिनीवरून हाकलून द्यायला इथे मालकच नव्हता. मग दुसरा इलाज झाला. 1962 मध्ये नदीवरची फेरीबोट बंद पडली, आणि समोरच्या काठावरचं कॅम्डेन, म्हणजे मतदारयादीत नाव घालायला जिथे जावं लागे ते परगण्याचं कचेरीचं गाव, तासाभराच्या वळशावर गेलं.

अशा गावात गोधडी ही हौस नव्हती. घरांच्या फळ्यांतून वारा आत यायचा, म्हणून भिंतींना वर्तमानपत्रं चिकटवायची आणि अंगावर गोधड्यांचा थर घ्यायचा. कापड म्हणजे पिठाची पोती, फाटके झगे, आणि शेतात घालून विटलेल्या पँटी. मिझूरी पेटवे या बाईचा नवरा वारला तेव्हा तिने त्याचे कामाचे कपडे फाडले आणि 1942 मध्ये त्यांची गोधडी शिवली. मुलगी अर्लॉन्झिया हाताखाली होती. नवऱ्याची आठवण अंगावर ओढून निजता यावं, एवढाच आईचा हेतू होता, असं तिने पुढे सांगितलं. निळ्या-करड्या पट्ट्यांत कुठे ढोपराशी झिजलेलं कापड दिसतं, कुठे खिसा उसवल्यावर मागे राहिलेला गडद चौकोन. आजीच्या नऊवारीची गोधडी पांघरून वाढलेल्या मराठी माणसाला यातलं काही समजावून सांगावं लागणार नाही. मिझूरीची गोधडी आज वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय कलादालनात आहे.

वॉल्टर पुन्हा त्या भागात गेला, या वेळी जोडीला ओळखीची माणसं घेऊन. त्याने गोधडीमागे दहा डॉलर देऊ केले. एरवी मिळायचं त्यापेक्षा हे बरंच जास्त होतं. जमलेल्या गोधड्यांचा 1966 च्या मार्चमध्ये न्यूयॉर्कमध्ये लिलाव झाला, आणि त्याच महिन्यात बायकांनी सहकारी संस्था काढली: फ्रीडम क्विल्टिंग बी. यातल्या ‘बी’चा मधमाशीशी संबंध जोडायचं कारण नाही. शेजारणींनी जमून एकमेकींचं काम उरकायचं, त्याला तिकडे बी म्हणतात. आपल्याकडचा शब्द सावड. संस्थेचा कारभार एस्टेल विदरस्पून या बाईंनी वर्षानुवर्षं सांभाळला.

न्यूयॉर्कमध्ये तेव्हा गोधड्यांची लाट येऊ घातली होती. ‘व्होग’ मासिकाच्या संपादक डायना व्रीलंड यांच्या नजरेत या गोधड्या भरल्या, चित्रकार ली क्रॅस्नर यांनी विकत घेतल्या. ब्लूमिंग्डेलसारख्या बड्या दुकानाची मागणी आली. आणि इथेच गोम होती. दुकानाला एकाच मापाच्या, एकाच नमुन्याच्या, सारख्या टाक्याच्या गोधड्या हव्यात. या बायका तर हाताला येईल तो तुकडा जोडत, मनात येईल तिथे पट्टी वळवत शिवणाऱ्या. कित्येकींना ते जमलं नाही, काहींना जमवायचंच नव्हतं. पण आठवड्याला हातात पैसा येत होता, आणि तो कुणाकडे मागावा लागत नव्हता.

1972 मध्ये सीअर्स कंपनीने उशांच्या कॉर्डरॉय खोळींचं काम दिलं. कॉर्डरॉय म्हणजे उभ्या रेघांचं ते जाड मखमली कापड. खोळी ठरल्या नमुन्याच्या, त्यात स्वतःची अक्कल चालवायची सोय नाही. पण कापून उरलेल्या चिंध्या बायका घरी नेत. मातकट सोनेरी, शेवाळी हिरवा, तपकिरी, चेरीसारखा लाल, एवढेच रंग. कापड इतकं जाड की बारीक टाका त्यात उतरतच नाही. मग मोठमोठे तुकडे, ठसठशीत चौकोन, एकात एक बसवलेल्या पट्ट्या. जीज बेंडच्या ज्या गोधड्या पुढे नावाजल्या, त्यांतल्या कितीतरी या उरलेल्या कापडातून निघाल्या. मागणीबरहुकूम शिवलेल्या खोळी आज कुणाला आठवतही नाहीत.

पुढची जाहिरात एका फोटोने केली. विल्यम आर्नेट नावाच्या संग्राहकाने एका पुस्तकात ॲनी मे यंग यांची सरपणाच्या ढिगावर पसरलेली गोधडी पाहिली आणि 1998 मध्ये तो ती शोधत गावात आला. 2002 मध्ये ह्यूस्टनच्या कलासंग्रहालयात आणि मग न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयात प्रदर्शन भरलं. समीक्षकांनी डोक्यावर घेतलं. 2006 मध्ये टपाल खात्याने दहा तिकिटं काढली. मग याच नमुन्यांचे गालिचे आणि घरसजावटीच्या वस्तू बाजारात आल्या, आणि आपल्या वाट्याला काय आलं, हे विचारत काही जणी 2007 मध्ये कोर्टात गेल्या. दावे पुढच्या वर्षी मिटले. मूळची सहकारी संस्था 2012 मध्ये बंद पडली.

या साऱ्यात एक गोष्ट राहूनच गेली होती. भिंतीवरच्या गोधडीचं नाव जगभर झालं, पण जीज बेंडच्या बाईकडून थेट गोधडी घ्यायची तर गाव गाठावं लागायचं. ती सोय 2021 मध्ये झाली. इट्सी या हस्तकलेच्या ऑनलाइन बाजारात तिथल्या बायकांनी आपापल्या नावाची दुकानं उघडली. नेस्ट ही संस्था आणि सोल्स ग्रोन डीप प्रतिष्ठान मदतीला होती. मदत म्हणजे काय, तर फोटो उजेडात कसा काढायचा, मजकूर काय लिहायचा, टपालखर्च किती धरायचा, आणि सर्वांत अवघड म्हणजे किंमत किती लावायची. महिनोन् महिने खपून शिवलेल्या गोधडीला हजारो डॉलर मागायचे, हे आजवर दुसऱ्यांनीच केलेलं काम होतं.

महाराष्ट्रातही आता इन्स्टाग्रामवर गोधड्या विकल्या जातात. फोटो सुंदर, खाली ‘आजीची माया’ वगैरे ओळी. ती आजी कोण, हे मात्र बऱ्याचदा लिहिलेलं नसतं. जीज बेंडच्या दुकानांत नेमकं उलटं आहे. बाईचं नाव आधी, चेहरा मग, गोधडी त्यानंतर. एवढं होऊनही 2024 मध्ये टार्गेट या साखळी दुकानांनी त्यांच्या नमुन्यांवरून छापील माल काढला, तेव्हा विक्रीतल्या वाट्याऐवजी एकरकमी मानधन दिल्यावरून पुन्हा प्रश्न उठलेच.

नदीवरची फेरीबोट 2006 मध्ये परत सुरू झाली. 2019 पासून ती विजेवर चालते. 2022 पासून दर ऑक्टोबरात गावात गोधड्यांना ऊन दाखवायचा उत्सव भरतो. हिवाळ्याआधी गोधड्या बाहेर काढून झटकायच्या, ही तिथली जुनीच रीत. दोऱ्यांवर, कुंपणांवर गोधड्या पसरतात, पाहुणे फोन वर धरून फोटो काढत फिरतात. आता कुणी रानात पळून जात नाही. शिवणाऱ्या बायका तिथेच असतात आणि भाव त्याच सांगतात.