डावा हात चालतो, उजवा हात बघतो

कवठे महांकाळ, जत, तासगाव या पट्ट्यातल्या मुलाचा हात कीबोर्डवर पहिल्यांदा बसतो तो बहुधा खेळण्यासाठी नसतो. तो बसतो टायपिंगच्या क्लासात, नाहीतर 2001 नंतर गावोगावी पोचलेल्या एमएस-सीआयटीच्या वर्गात. लिपिक-टंकलेखकाच्या जागेला मराठी 30 आणि इंग्रजी 40 शब्दांचा वेग लागतो, हे तालुक्याच्या गावात दहावीच्या मुलालाही पाठ असतं. खेळाची सवय मात्र त्याच्याही आधीची असते. नव्वदच्या दशकात टीव्हीला जोडायचा 8-बिटचा गेम होता. त्यात ‘9999 इन 1’ असं छापलेली कॅसेट खोचायची आणि मारिओ नाहीतर कॉन्ट्रा खेळायचा. पुढे प्लेस्टेशन आलं. असा सरावलेला हात संगणकावर खेळायला बसला की अडखळतो, आणि त्याचं कारण सगळे एकच सांगतात: कंट्रोलर खेळण्यासाठीच घडवलेला असतो, कीबोर्ड-माउस ऑफिसच्या कामाचे, खेळासाठी ते ओढूनताणून वापरले गेले. इतिहास मात्र उलट साक्ष देतो. डाव्या हाताखाली मोजकी बटणं आणि उजव्या हातात माउस ही जोडी खेळाडूंनी जुळवलेली नाही. ती विचार करून आखलेली होती, आणि जगाने ती पहिल्यांदा पाहिली 9 डिसेंबर 1968 रोजी.

त्या दिवशी सॅन फ्रान्सिस्कोत स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटच्या डग्लस एंगलबर्टने दीड तासाचं प्रात्यक्षिक दिलं. त्याचा सहकारी बिल इंग्लिश याने 1964 च्या सुमारास लाकडी ठोकळ्यातून बनवलेला माउस तोवर बराच सुधारला होता, आणि प्रात्यक्षिकात सगळ्यांचं लक्ष त्याच्याकडेच गेलं. माउसचा जन्म सांगताना आजही याच दिवसाचा दाखला देतात. पण एंगलबर्टच्या डाव्या हाताखाली काय होतं, हे फारसं कुणी सांगत नाही. तिथे पियानोच्या पट्ट्यांसारखी पाच बटणं असलेली एक छोटी पेटी होती. एकेक किंवा अनेक बटणं एकदम दाबून 31 वेगवेगळे इशारे देता येत. उजव्या हाताने जागा दाखवायची, डाव्याने तिथे काय करायचं ते सांगायचं, आणि मोठ्या कीबोर्डकडे सलग मजकूर लिहायचा असेल तेव्हाच वळायचं, अशी ती विभागणी होती. झेरॉक्सच्या 1973 सालच्या आल्टो संगणकालाही ही पेटी जोडता येत असे. पुढे ती गेली. इशारे पाठ करावे लागत, आणि विकायच्या यंत्राला शिकवणी लागणं धंद्याला परवडत नाही. माउस राहिला, त्याचा डावा जोडीदार गळाला.

इथून खरी वादाची जागा सुरू होते. डब्ल्यू, ए, एस, डी ही आज संगणकावर खेळणाऱ्या बहुतेकांच्या डाव्या बोटांखालची चार बटणं. ती रूढ केल्याचं श्रेय सर्रास एकाच माणसाला दिलं जातं. तो म्हणजे डेनिस फाँग, टोपणनाव थ्रेश. 1997 मध्ये क्वेक या नेमबाजीच्या खेळाची स्पर्धा जिंकून त्याने तो खेळ घडवणाऱ्यांपैकी एक असलेल्या जॉन कारमॅकची फेरारी बक्षीस मिळवली. त्याची बोटं कुठे असतात हे सगळ्यांनी टिपलं. क्वेक 2 मध्ये एका ओळीची आज्ञा देऊन त्याची मांडणी लावता येई, आणि 1998 च्या हाफ-लाइफने हीच बटणं मुळातच लावून दिली. प्रसार असा झाला, यात वाद नाही. पण प्रसाराला जन्म म्हणता येत नाही. सिलिकॉन बीच या कंपनीचा ‘डार्क कॅसल’ हा मॅकिंटॉशवरचा खेळ 1986 चा, म्हणजे थ्रेशच्या फेरारीच्या अकरा वर्षं आधीचा. त्यात नायकाला हलवायला हीच चार अक्षरं होती आणि दगड कुठे फेकायचा हे माउसने ठरायचं. ही अक्षरं तिथे का आली, याचं उत्तर मला त्या यंत्रातच दिसतं. 1984 च्या पहिल्या मॅकिंटॉशच्या कीबोर्डवर बाणांची बटणंच नव्हती. लोकांनी माउस वापरलाच पाहिजे म्हणून अॅपलने ती मुद्दाम ठेवली नव्हती. उजवा हात माउसवर अडकलेला आणि बाण गायब, मग दिशा दाखवायला डाव्या हाताच्या टप्प्यातली अक्षरं घेण्यावाचून इलाज काय? एंगलबर्टची पेटी माउसवाल्या यंत्रांच्या ज्या घराण्याने टाकून दिली, त्याच घराण्याच्या यंत्रावर ती अशी चार अक्षरांच्या रूपाने परत आली, असं माझं ठाम मत आहे.

यावर आक्षेप येईल की यात वारसा कुठे आहे? डार्क कॅसल लिहिणाऱ्याने 1968 चं प्रात्यक्षिक समोर ठेवलं होतं याचा पुरावा नाही, आणि थ्रेशनेही एंगलबर्टकडून काही उचलल्याचं दिसत नाही. मान्य. पण म्हणूनच मुद्दा बळकट होतो. एकमेकांशी संबंध नसलेले तीन जण त्याच विभागणीवर पोचले असतील, तर तिचं मूळ कुणा एकाच्या लहरीत शोधता येणार नाही, ते माउसमध्येच शोधावं लागेल. उजव्या हातात माउस आला की उरलेलं सगळं काम डाव्याच्या पाच बोटांत बसवावं लागतं. 1993 च्या डूममध्ये पुष्कळ जण उजव्या हाताने बाण आणि डाव्याने कंट्रोलचं बटण दाबून माउसशिवाय खेळत. बघण्याचं काम माउसकडे जाताच चालणं डावीकडे सरकलं.

कन्सोलवरून आलेल्या खेळाडूला इथे एक दिलासा आहे. 1977 च्या अटारीची दांडी साधारणपणे डाव्या हाताने धरून उजव्याने हलवत, आणि लाल बटण डाव्या अंगठ्याखाली. आपल्याकडे डेसिबेल्स कंपनीने 1986 मध्ये आणलेल्या स्पेक्ट्रमवरचे कित्येक खेळ क्यू-ए आणि ओ-पी अशी दोन्ही हातांत दिशा वाटून घेत. हालचाल डाव्या हातात पक्की बसवली ती निन्टेंडोच्या गुनपेई योकोईच्या अधिक-चिन्हाच्या आकाराच्या बटणाने, 1982 च्या डाँकी काँगच्या हातातल्या गेमवर. आर्केडवाल्यांनी दांडी डावीकडे घेतली ती खेळाडूने लवकर हरून पुन्हा नाणं टाकावं म्हणून, असा एक तर्क फार प्रिय आहे. मला तो पटत नाही. योकोईच्या यंत्रात नाणं टाकायची सोयच नव्हती, तरी चिन्ह डावीकडेच आलं. आर्केडची सवय त्याने पुढे चालवली, एवढं फार तर म्हणता येईल. ते काही असो, टीव्ही गेमवर वाढलेल्याचा डावा हात चालण्याचंच काम करत आला आहे. अंगठ्याचं काम आता मधलं बोट, अनामिका आणि तर्जनी वाटून घेतात. कंट्रोलरची काडी थोडी कलली की सावकाश चालायचं ही सोय जाते, कारण बटण एक तर दाबलेलं असतं, नाहीतर सुटलेलं. हा बदल खरा आहे, पण हाताच्या लवकर अंगवळणी पडतो.

खरा नवखेपणा उजव्या हाताचा. कंट्रोलरची काडी किती वेगाने वळायचं ते सांगते: ती ढकलून धरली की नजर फिरतच राहते आणि सोडली की थांबते. माउस किती वळायचं ते सांगतो: हात थांबला की नजर थांबली. काडीवर वाढलेला खेळाडू म्हणून माउसही ‘धरून’ बघतो, निशाण्यापलीकडे जातो, परत येतो, आणि दोष स्वतःच्या डोळ्यांना देतो. काडीच्या खेळांत नेम जरा चुकला तरी खेळ स्वतःच तो शत्रूकडे ओढून घेतो. 2001 च्या हेलोचं यश पुष्कळसं या मदतीवर उभं होतं. माउसवर ती मदत सहसा नसते. म्हणून माउसचा वेग चांगला कमी ठेवून, नुसतं मनगट न वापरता कोपरापासून हात हलवणं हाच उपाय आहे; वेग वाढवल्याने जुनी सवयच पोसली जाते.

एक प्रश्न उरतो आणि तो टायपिंग शिकलेल्यांचा आहे: डब्ल्यूच का, ई का नाही? क्लासात तर्जनी एफवर ठेवायला शिकवतात. तिथे बारीक उंचवटाही असतो. त्या हाताला ई-एस-डी-एफ ही मांडणी जवळची, कारण बोटं घरीच राहतात. डब्ल्यूसाठी पंजा एक घर डावीकडे सरकवावा लागतो. बदल्यात करंगळीला शिफ्ट आणि कंट्रोल सहज मिळतात, आणि पळणं-वाकणं तिथेच असतं. माझ्या मते याच करंगळीने निकाल लावला. पण 1986 पासूनच्या इनस्क्रिप्ट मांडणीवर मराठी टाइप करणाऱ्याचा डावा हात असाही काना-मात्रा-वेलांट्या देतो आणि उजवा मुख्यतः व्यंजनं. कामाची अशी वाटणी त्या हातांना आधीच ठाऊक असते. अशा खेळाडूने सेटिंगमध्ये जाऊन ई-एस-डी-एफ लावून घ्यावं. हाफ-लाइफ काढणाऱ्या व्हॉल्व कंपनीचा प्रमुख गेब न्यूएल स्वतः तेच वापरतो, आणि कारणही हेच सांगतो.