गाडी स्वतः ट्यून करावी की दूरच्या ट्यूनरकडून? एका जुन्या प्रश्नाचा इतिहास

१/ टर्बो बसवलेल्या गाडीच्या मालकापुढे आज दोन वाटा असतात. लॅपटॉप जोडून इंजिनाचे आकडे स्वतः बदलावेत, किंवा शेकडो मैलांवरच्या ट्यूनरला पैसे देऊन त्याने ईमेलने पाठवलेली फाइल गाडीत भरावी. प्रश्न संगणकयुगातला वाटतो, पण तो त्याहून बराच जुना आहे.

२/ १९०८ साली आलेल्या फोर्ड मॉडेल टी गाडीत स्टिअरिंगखाली दोन दांडे असत. उजवा थ्रॉटलचा, डावा ठिणगीच्या वेळेचा. मिश्रण दाट-पातळ करण्याची कळही चालकाच्या हाताशी असे. हँडल मारून गाडी सुरू करताना ठिणगी उशिरावर ठेवायची राहिली, तर हँडल उलटे फिरून हात मोडत असे. अशा सुमारे दीड कोटी गाड्या विकल्या गेल्या. म्हणजे चालवणारा प्रत्येक जण थोडाफार ट्यूनरच होता.

३/ पुढे ठिणगीची वेळ सांभाळण्याचे काम यंत्रणेने स्वतःकडे घेतले आणि ट्यूनिंग हा कसबी माणसांचा धंदा झाला. इंग्लंडमधील विल्टशर परगण्यातल्या डाउंटन गावी डॅनियल रिचमंड मिनी गाड्यांची सिलिंडर हेड नव्याने घडवीत. त्यांचे तयार भाग मागवून घरी बसवता येत. जुळणीचा शेवटचा टप्पा मात्र मालकाच्या हाती उरे.

४/ या टप्प्याचे शास्त्र मोठे रंजक आहे. मिनीच्या एसयू कार्ब्युरेटरमध्ये निमुळती सुई असे. ती वर सरकली की जास्त इंधन वाहे. किती, हे तिच्या निमुळतेपणावर ठरे. आज जो तक्ता संगणकात असतो, तो तेव्हा धातूत कोरलेला होता. हौशी लोक पॉलिश पेपरने सुई घासून तो तक्ता बदलत. मग पूर्ण वेगात इंजिन बंद करून प्लग काढायचा: फिकट तपकिरी असेल तर ठीक, काळा असेल तर मिश्रण दाट, पांढरा पडला तर पातळ. प्लगचा रंग पाहून निदान करणारे मिस्त्री आपल्याकडेही स्कूटरच्या काळात गल्लोगल्ली होते.

५/ १९६७ मध्ये बॉशची इलेक्ट्रॉनिक इंधनप्रणाली फोक्सवॅगनमध्ये आली. १९७९ मध्ये बीएमडब्ल्यूच्या ७३२आयमध्ये इंधन आणि ठिणगी ही दोन्ही कामे एकाच संगणकाकडे गेली. सुई गेली, तिच्या जागी चिप आली. ती वाचू शकणारे थोडेच होते. ते बदललेली चिप टपालाने पाठवत. दूरचा ट्यूनर जन्मला तो असा, आणि आंधळा. ज्या गाडीसाठी चिप बनवली, ती त्याने पाहिलेलीच नसे.

६/ त्याला डोळे मिळाले ते नोंदींमुळे. १९९६ पासून अमेरिकेत नव्या मोटारींना ओबीडी-२ हे सामायिक जोडणीकेंद्र सक्तीचे झाले. मालक रस्त्यावर गाडी चालवतो, फेरे, हवा-इंधन प्रमाण, ठिणगीची वेळ आणि नॉक सेन्सरचे इशारे नोंदवतो, फाइल पाठवतो, सुधारित फाइल येते, पुन्हा फेरी. दुसऱ्या बाजूला २००१ मध्ये ब्रूस बोलिंग आणि अल ग्रिपो यांनी मेगास्क्वर्ट आणला: स्वतः डाग देऊन जोडायचा इंजिन-संगणक. स्वावलंबी मंडळींना तो वरदानच वाटला.

७/ मग प्रश्न न्यायाच्या दारात गेला. गाडीच्या सॉफ्टवेअरचे कुलूप तोडणे अमेरिकेच्या कॉपीराइट कायद्याने बेकायदा ठरत होते. जुलै २०१५ मध्ये तिथल्या पर्यावरण संस्थेने, ईपीएने, सवलतीला विरोध केला: मालक धुराच्या नियमांशी खेळतील! दोनच महिन्यांनी त्याच संस्थेने फोक्सवॅगनची लबाडी उघड केली. पुढे कंपनीने जगभरातल्या सुमारे १ कोटी १० लाख गाड्यांत ते सॉफ्टवेअर असल्याचे मान्य केले. ऑक्टोबरमध्ये सवलत मिळाली, पण फक्त मालकाला. स्वतः कुलूप उघडा, चालेल. दुसऱ्याला पैसे देऊन उघडून घेणे त्यात बसत नव्हते. ही अट २०१८ मध्ये गेली. उत्सर्जनाचे नियम मात्र दोघांनाही तसेच लागू राहिले.

८/ आता हिशेब. स्वतः करणाऱ्याला रुंद पट्ट्याचा ऑक्सिजन सेन्सर, सॉफ्टवेअरचा परवाना आणि कित्येक संध्याकाळी खर्चाव्या लागतात. टर्बोच्या दाबाखाली मिश्रण पातळ राहिले किंवा ठिणगी फार लवकर पडली, तर पिस्टन काही सेकंदांत जातो. दूरच्या ट्यूनरने तोच तक्ता अनेकदा जुळवलेला असतो, म्हणून प्रचलित इंजिन आणि प्रचलित टर्बो असेल तर त्याचे शुल्क स्वस्तच म्हणावे. पण हवेची गळती आणि पेट्रोलचा वास त्याच्यापर्यंत पोहोचत नाही. सेन्सर खोटे बोलला, तर तोही फसतो. जुळवाजुळव केलेल्या विचित्र इंजिनाला जवळचा डायनो किंवा स्वतःचा हात बरा.

९/ आणखी एक बाब. काही ट्यूनर फाइलला स्वतःचे कुलूप लावतात. पैसे देणाऱ्यालाही ती उघडून पाहता येत नाही. कंपनीचे कुलूप काढायला इतकी वर्षे गेली, तेव्हा पैसे देण्यापूर्वी एवढे विचारून घ्यावे.