अंगणातील वर्ग

दक्षिणामूर्तीच्या ध्यानात एक नवल आहे. वटवृक्षाखाली शिष्य बसले आहेत ते वृद्ध, आणि गुरू मात्र तरुण. भावनगर येथे नानाभाई भट्ट यांनी १९१० साली याच देवतेच्या नावाने शिक्षणसंस्था स्थापिली. वकिली सोडून तेथे आलेल्या गिजुभाई बधेका यांनी १९२० साली बालमंदिर उघडले, आणि १९२३ साली ताराबाई मोडक त्यांना येऊन मिळाल्या.

ताराबाई मुंबई विश्वविद्यालयाच्या पदवीधर. राजकोटच्या स्त्री-अध्यापन विद्यालयाचे प्राचार्यपद त्यांनी भूषविलेले. शिक्षिका घडविणारी ही विदुषी भावनगरास चिमुकल्या मुलांपुढे पुन्हा विद्यार्थिनी झाली. मुलाच्या कामात हात न घालता ते काय करते हे पाहावे, हा माँटेसरी पद्धतीचा पहिला पाठ त्यांनी तेथे गिरविला.

त्याहून कठीण पाठ त्यांना समुद्रकाठच्या बोर्डी गावात मिळाला. १९४५ साली त्यांनी तेथे ग्रामीण बालशिक्षणाचे कार्य आरंभिले. अनुताई वाघ ही अनुभवी शिक्षिका त्यांच्या साहाय्यास आली. बालवाडी सजली, परंतु ज्या दरिद्री वस्तीसाठी हा खटाटोप, तेथील मुले येईनात. अशा वेळी आईबापांना दोष देऊन स्वस्थ बसणे सोपे असते. या दोघींनी रिकाम्या जागेकडे पाहिले आणि चूक आपली मानली. मुले शाळेत येत नाहीत, तर शाळेने मुलांच्या अंगणात जावे! तेथे आधी नखे काढणे, न्हाऊ घालणे, आणि मग गाणी-गोष्टी. महागड्या साधनांऐवजी शिंपले, खडे, पाने, बिया पुढे आल्या. ‘अंगणवाडी’ जन्मली ती अशी. पुढे कोसबाडच्या टेकडीवर वारली मुले गुरांमागे रानात जातात असे दिसले, तेव्हा वर्ग कुरणातच भरू लागला.

ताराबाई १९७३ साली निवर्तल्या. दोनच वर्षांनी, १९७५ साली, भारत सरकारने बालविकासाची देशव्यापी योजना सुरू केली आणि तिच्या केंद्रांना अंगणवाडी हेच नाव दिले.

आमच्या वाचकांस अंगणातील शाळेचे अप्रूप वाटू नये. गोमंतकात परकीय राजवटीत मराठी मुळाक्षरे देवळांच्या आश्रयाने टिकली, हे आपण जाणतोच. तथापि, आज अध्यापनाची उमेदवारी करणाऱ्या आपल्या मुलामुलींस आम्हांस एवढेच सांगावयाचे आहे. पाठाचे टाचण नीट लिहावे, ते पाठही असावे. पण मागल्या रांगेत एखादे मूल पेंगत असेल, तर त्याला रागे भरण्यापूर्वी रात्री घरी काय घडले ते विचारावे. त्याचे उत्तर कोणत्याही टाचणात सापडणार नाही; ते मिळेपर्यंत आपणच त्याचे शिष्य.