इंडिया मिलच्या गावातला एक फोटो

हा फोटो तुम्ही पाहिला असेल. मधोमध चादर पांघरलेले गांधीजी आणि भोवती हात उंचावून जल्लोष करणाऱ्या गोऱ्या बायका. 'इंग्लंडमध्येही बापूंचे चाहते' एवढाच अर्थ लावून मी तो पुढे ढकलला होता. नंतर तारीख आणि ठिकाण शोधलं. २६ सप्टेंबर १९३१, डार्वेन, लँकेशायर.

त्या बायका गिरणी कामगार होत्या. त्यांचं काम ज्या कारणांनी जात होतं, त्यांतलं एक कारण त्यांच्या मधोमध हसत उभं होतं!

डार्वेन हे ब्लॅकबर्नजवळचं छोटं गाव. गावाच्या डोक्यावर इंडिया मिलची सुमारे ३०० फुटी चिमणी, १८६०च्या दशकातली. गावाचं नशीब कुठे बांधलेलं होतं, ते या नावातच कळतं. १९१३ साली ब्रिटनने जवळपास ७ अब्ज यार्ड सुती कापड निर्यात केलं. त्यातलं ३ अब्जांच्या आसपास एकट्या हिंदुस्थानात आलं. मग महायुद्ध झालं, जपानचं स्वस्त कापड आलं, मुंबई-अहमदाबादच्या गिरण्या वाढल्या, जागतिक मंदी आली. त्यात १९३०चा बहिष्कार.

बहिष्काराची किंमत इकडेही मोजली जात होती. १२ डिसेंबर १९३० रोजी मुंबईत काळबादेवीला विदेशी कापडाच्या ट्रकखाली बाबू गेनू गेला. तोही गिरणी कामगारच.

गोलमेज परिषदेसाठी आलेले गांधीजी डार्वेनच्या स्प्रिंगव्हेलमध्ये राहिले, बेकारांना भेटले. त्यांचं दुःख त्यांनी नाकारलं नाही आणि बहिष्कार मागे घ्यायचं आश्वासनही दिलं नाही. तुमचे बेकार तीस लाख, आमच्याकडे तीस कोटी लोक अर्धं वर्ष रिकामे, असा हिशेब त्यांनी मांडला. तरीही त्या बायका हसल्या.

मी सध्या ज्या प्रोजेक्टवर आहे, तो आधी इंग्लंडमधली एक टीम सांभाळायची. हँडओव्हरच्या शेवटच्या कॉलवर त्यांच्यातल्या एकाने मला प्रत्येक बारकावा शांतपणे समजावला आणि 'ऑल द बेस्ट' म्हणाला. त्याचं पुढे काय होणार, हे मी विचारलं नाही. गांधीजी निदान डार्वेनला गेले तरी होते.

इंडिया मिलमधलं सुताचं काम १९९१ साली थांबलं. चिमणी अजून उभी आहे.