बिही

बिही (सिडोनिया ऑब्लाँगा) : गुलाब कुलातील पानझडी लहान वृक्ष, सिडोनिया प्रजातीतील ही एकमेव जाती. मूळ प्रदेश कॉकेशस ते उत्तर इराण. भारतात लागवड मुख्यतः काश्मीरमध्ये.

छत्रपती संभाजीनगरात बिहीची ओळख झाडावरून नव्हे, बियांवरून होते. गुलमंडीसारख्या जुन्या बाजारपेठेत काष्ठौषधींच्या दुकानी ‘बिहीदाणा’ मागावा. तांबूस-तपकिरी, चपटे, कोनदार आणि बरेचदा एकमेकांना चिकटलेले दाणे हातात पडतात. खरी पारख पाण्यात होते : भिजवलेल्या दाण्यांना दाट, बुळबुळीत चीक सुटतो. खोकल्यावरच्या युनानी काढ्यात बिहीदाणा, उन्नाब आणि सपिस्तां हे त्रिकूट पूर्वापार चालत आले आहे. सपिस्तां म्हणजे आपले भोकर, उन्नाब बोरीच्या गोतातले.  मात्र बिहीचे दाणे चावू नयेत. त्यांच्यात अमिग्डालिन असते आणि चावल्यावर त्यातून सायनाइड सुटते. अख्खे दाणे भिजवून वरचा चीक तेवढा घ्यावा.

झाड ५ ते ८ मीटर उंच होते. सफरचंद आणि नासपतीच्या पानांना बारीक दाते असतात, बिहीच्या पानाची कड सपाट असते व पालवीच्या खालच्या अंगाला पांढुरकी लव. पाने आल्यानंतर नव्या डहाळीच्या टोकाला एकेकटे पांढरे-गुलाबी फूल येते. फळ पिवळेधमक, सुगंधी, लवेने माखलेले; आतल्या पाच कप्प्यांत भरपूर बिया.

कच्चे खाल्ले तर ते तोंड आवळते, पण साखरेत शिजवले की गर गुलाबी-लाल होतो. काश्मिरी स्वयंपाकघरात ते वांग्याबरोबर शिजते. पोर्तुगालमध्ये या गराच्या वड्या करतात. गोव्यातली पेरूची पेराद त्याच घराण्यातली.

मराठवाड्यात बिहीची बाग धरण्याचा मोह टाळावा. हिवाळ्यात ७ अंशांखालची थंडी तिला शेकडो तास लागते; इथे ती जेमतेम पडते आणि पुढे उन्हाळ्यात पारा चाळिशी गाठतो. शिवाय काळ्या जमिनीतल्या चुन्यामुळे लोह मुळांना मिळत नाही आणि पाने पिवळी पडतात. हौसेने एखादे झाड लावायचेच असेल तर निचऱ्याची, चुनखडी नसलेली जमीन निवडावी. बाजारातला बिहीदाणा पेरू नये : त्याचे वय कळत नाही, दोन-तीन महिने ओल्या वाळूत गारव्यात ठेवल्याशिवाय बी सहसा उगवत नाही आणि रोप मूळ झाडासारखे निघेल याची खात्री नसते. पानगळीनंतर काढलेली पक्व लाकडाची छाटकलमे सोपी पडतात. बहुतेक वाण स्वफलित असल्याने एकटे झाडही फळते.