ड्रग-चेकिंग

बाजारातून आणलेली अमली पुडी नाकात किंवा शिरेत जाण्याआधी तिच्यात नेमके काय आहे, हे तपासून देण्याची व्यवस्था. अनेक ठिकाणी ती नशा करणारे किंवा पूर्वी केलेले लोकच चालवतात. ‘सोडा’ असा उपदेश तिथे कोणी करत नाही. नेदरलँड्समध्ये १९९२ पासून अशी सरकारी सोय आहे. न्यूझीलंडने २०२१ मध्ये तिला कायमची मान्यता दिली.

तिची निकड मात्र कळते ती कॅनडातल्या व्हँकूव्हरला. तिथे हेरॉइनमध्ये फेंटानिल मिसळू लागले. सुमारे ५० पट जहाल असलेले हे रसायन पावडरीत सारखे पसरत नाही. शिऱ्यातल्या बेदाण्यांसारखे त्याचे असते: एका घासात एकही नाही, दुसऱ्यात चार. त्यामुळे एकाच पुडीतले घेऊन एक जण उठून घरी जातो, दुसऱ्याचा श्वास थांबतो. एप्रिल २०१६ मध्ये ब्रिटिश कोलंबिया प्रांताने आरोग्य-आणीबाणी जाहीर केली. त्याच उन्हाळ्यात ‘इनसाइट’ या देखरेखीखाली इंजेक्शन घेण्याच्या केंद्रात तपासलेल्या नमुन्यांपैकी ८६ टक्क्यांत फेंटानिल निघाले. सप्टेंबरात सारा ब्लाइथ, अ‍ॅन लिव्हिंगस्टन आदींनी डाउनटाउन ईस्टसाइडच्या गल्लीत, कोणाला न विचारता, मदतीचा तंबू ठोकला. डिसेंबरात आरोग्यमंत्र्यांनी आदेश काढून अशा केंद्रांना मान्यता दिली.

तपासणीची पट्टी मुळात लघवीसाठी बनलेली. थोडी पावडर पाण्यात विरघळवायची, पट्टी बुडवायची, थांबायचे. एक रेघ म्हणजे फेंटानिल आहे, दोन म्हणजे सापडले नाही. गरोदरपणाच्या चाचणीच्या नेमके उलट, त्यामुळे घाईत घोळ होतो. प्रमाण किती, हे पट्टी सांगत नाही. इन्फ्रारेड यंत्र मिश्रण ओळखते, पण पाचेक टक्क्यांहून कमी असलेले द्रव्य त्याच्या नजरेतून सुटू शकते. म्हणून दोन्ही जोडीने वापरतात.

जोडीला नॅलोक्सोन. हेरॉइन, फेंटानिल अशा ओपिऑइडने मंदावलेला श्वास हे औषध परत आणते. शिकागोतल्या कार्यकर्त्यांनी १९९६ पासून ते थेट नशा करणाऱ्यांच्याच हाती द्यायला सुरुवात केली, कारण शेजारी पडलेल्याला आधी तेच पाहतात. पुडीत बेंझोडायझेपिनची भेसळ असेल, तर त्या गुंगीवर मात्र ते चालत नाही.

भारतात इम्फाळची ‘सासो’ ही संस्था व्यसनातून बाहेर आलेल्यांनी १९९१ मध्ये उभारली. पण तपासणीचे टेबल मांडणे इथे अवघड: १९८५ च्या एनडीपीएस या अमली पदार्थविरोधी कायद्याखाली चिमूटभर नमुना जवळ बाळगणेही गुन्हा. मुंबईत पकडलेली गर्दची पुडी न्यायवैद्यक प्रयोगशाळेत तपासली जाते खरी, पण तो अहवाल जातो न्यायालयात.