दुसऱ्या कार्डाची वीज कोण बंद करणार?

२०१० च्या आसपासचा एखादा जाडजूड लॅपटॉप आठवा. आठवत नसेल तर घरातल्या मोठ्या दादा-ताईला विचारा. जरा महागड्या मॉडेलमध्ये तेव्हा दोन ग्राफिक्स चिप यायला लागल्या होत्या. एक इंटेलची, साधी, कमी वीज खाणारी. दुसरी एनव्हिडियाची नाहीतर एएमडीची, दणकट आणि खादाड. मेल वाचताना छोटी वापरा, गेम खेळताना मोठी, अशी कल्पना. विंडोजवर ते बऱ्यापैकी जमायचं. लिनक्स टाकलं की दोन्ही चिप चालू. मोठीला काही काम नाही, तरी ती जागीच. पंखा घुं घुं करतोय, मांडी भाजतेय, बॅटरी संपतेय.

आता तुम्ही म्हणाल, मग बंद करायची ना! प्रत्येक चिपचा ड्रायव्हर असतोच की.

इथेच खरी गोम आहे. ड्रायव्हर म्हणजे कर्नलमधला तो कोड, जो एका विशिष्ट हार्डवेअरशी बोलतो. इंटेलसाठी आय-नऊशे-पंधरा, एएमडीसाठी रेडिऑन, एनव्हिडियासाठी नूव्हो. तिघांचे लेखक वेगळे, कोड वेगळा. ड्रायव्हर आपल्या चिपचा वेग कमी करू शकतो, तिचे काही भाग झोपवू शकतो. पण पूर्ण वीज तोडायची सोय त्या चिपमध्ये नसते. ती मदरबोर्डवर असते आणि बायोसमधल्या एसीपीआय नावाच्या यंत्रणेतून चालते. आपल्या सोसायटीसारखंच: घरातले दिवे-पंखे तुमच्या हातात, पण मेन स्विच जिन्याखालच्या मीटरच्या पेटीत. शिवाय ही पेटी प्रत्येक इमारतीत वेगळी. एएमडीच्या लॅपटॉपमध्ये तिला हाक मारायची एक पद्धत, एनव्हिडियाच्या लॅपटॉपमध्ये दुसरी, आणि ॲपलच्या मॅकबुक प्रोमध्ये तर त्यासाठी जीमक्स नावाची स्वतंत्र चिप.

मग हा कोड कुठे लिहायचा? तिन्ही ड्रायव्हरमध्ये तीनदा लिहिला, तर एकाने वीज तोडली हे दुसऱ्याला कळणार कसं? स्क्रीनची वायर दोघांत वाटलेली असेल, तर ती आत्ता कुणाकडे आहे याची नोंद कोण ठेवणार?

रेड हॅटमध्ये काम करणाऱ्या डेव्ह एअरलीने यावर एक छोटा सामाईक तुकडा लिहिला. नाव ठेवलं व्हीजीए स्विचरू. स्विचरू म्हणजे अदलाबदल, थोडं गमतीत म्हटलेलं. मे २०१० मध्ये आलेल्या २.६.३४ या कर्नलमध्ये तो आला. मला त्यातली सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे त्याला कुठल्याच चिपच्या पोटातलं काही माहीत नाही. ड्रायव्हर येऊन नाव नोंदवतात आणि सांगतात, ‘मला झोपवायचं किंवा उठवायचं असेल तर माझं हे फंक्शन बोलवा.’ मीटरची पेटी ज्याला कळते असा एक हँडलरही नाव नोंदवतो. किमान दोन चिप आणि एक हँडलर जमले की यंत्रणा सुरू. मग रूट म्हणून एका फाइलमध्ये ‘ऑफ’ लिहायचं, की जी चिप वापरात नाही ती गार.

त्रास होताच. स्क्रीन एका चिपवरून दुसरीवर न्यायची तर लॉगआउट करावं लागायचं. आणि नशीब बघा: एनव्हिडियाने फेब्रुवारी २०१० मध्येच ऑप्टिमस जाहीर केलं होतं. त्यात स्क्रीनची वायर कायम इंटेलकडे, मोठी चिप फक्त चित्र तयार करून इंटेलला देणार. म्हणजे वायर फिरवण्याचा निम्मा कोड आला तेव्हाच जुना व्हायला लागला होता. वीज तोडण्याचा निम्मा मात्र टिकला.

एनव्हिडियाचा स्वतःचा बंद ड्रायव्हर या सामाईक व्यवस्थेबाहेर राहिला. मग लोकांनी बाहेरून जुगाड केले. बंबलबी हा त्यातला गाजलेला. ऑप्टिमस म्हणजे ट्रान्सफॉर्मर्सवाला, म्हणून बंबलबी. २०११ मध्ये त्याच्या इन्स्टॉल स्क्रिप्टमध्ये फाइल डिलीट करणाऱ्या ओळीत ‘यूएसआर’नंतर एक स्पेस चुकून पडली. त्या एका स्पेसमुळे कमांडने एनव्हिडियाचं छोटं फोल्डर सोडून अख्खं यूएसआर फोल्डर उडवलं, म्हणजे जवळजवळ सगळी सिस्टीम. गिटहबवर विनोदांचा पूर आला. मला मात्र हसताना जरा कसंतरी होतं. बॅटरी दोन तास जास्त चालावी म्हणून कुणीतरी रूट पासवर्ड टाकून ती स्क्रिप्ट चालवली असणार ना!

जून २०१२ मध्ये फिनलंडच्या आल्टो विद्यापीठात लिनस टोरवाल्ड्सने कॅमेऱ्यासमोर एनव्हिडियाला मधलं बोट दाखवलं, ते मीम तुम्ही पाहिलं असेल. पण प्रश्न काय होता हे बरेच जण विसरतात. समोरच्या मुलीने ऑप्टिमसच्या लॅपटॉपबद्दलच विचारलं होतं.

त्याच वर्षी अजून एक गुंता सुटत होता, आणि तो मला त्या बोटापेक्षा जास्त रंजक वाटतो. एचडीएमआयमधून आवाजही जातो. त्यासाठी ग्राफिक्स कार्डावरच एक छोटं साउंड कार्ड असतं, आणि त्याचा ड्रायव्हर ग्राफिक्सवाल्यांचा नसतो, साउंडवाल्यांचा असतो. तुम्ही कार्डाची वीज तोडलीत, पण साउंडवाल्यांना सांगितलंच नाही, तर ते मेलेल्या हार्डवेअरशी बोलत बसणार. म्हणून ३.५ कर्नलमध्ये साउंडचा ड्रायव्हरही स्विचरूकडे नाव नोंदवायला लागला.

नोव्हेंबर २०१३ मध्ये ३.१२ आला आणि हाताने ‘ऑफ’ लिहिणं संपलं. कर्नलमध्ये रनटाइम पॉवर मॅनेजमेंट नावाची सर्व हार्डवेअरसाठीची सोय २००९ पासून होतीच. तुम्ही हे ऐकताय त्या अँड्रॉइड फोनमध्येही तीच आहे. आधी नूव्हो आणि मग रेडिऑन त्या सोयीवर आले. कार्ड पाच सेकंद रिकामं बसलं की वीज बंद, कुणी काम दिलं की चालू.

पुढे सामाईक कोड अजून खाली सरकत गेला. नव्या लॅपटॉपमध्ये मेन स्विच कार्डाच्या नावावर नव्हता, ते ज्या पीसीआय एक्सप्रेस पोर्टला जोडलंय त्या पोर्टच्या नावावर होता. म्हणून २०१६ मध्ये ४.८ कर्नलपासून पोर्ट झोपवायचं काम पीसीआयच्या कोडने घेतलं, तेही बायोस २०१५ किंवा नंतरचा असेल तरच. जुन्यांवर भरवसा नाही! आवाजाचं जुगाडही २०१८ मध्ये गेलं: साउंड कार्ड ग्राफिक्सवर अवलंबून आहे हे नातं एकदा नोंदवायचं, बाकी कर्नल बघेल.

सगळं सुरळीत झालं असं नाही. काही लॅपटॉपमध्ये एनव्हिडियाचं कार्ड झोपायचं ते उठायचंच नाही, आणि अख्खं मशीन अडकायचं. २०२० मध्ये नूव्होत इंटेलच्या ठराविक ब्रिजसाठी खास अपवाद घालावा लागला. सामाईक कोडची ही किंमत आहे. नियम एक केला, तरी कुणातरी एका बोर्डासाठी पळवाट ठेवावीच लागते. एनव्हिडियाच्या स्वतःच्या ड्रायव्हरने २०१९ मध्ये ट्युरिंग चिपच्या लॅपटॉपसाठी अशी आपोआप झोप प्रायोगिक म्हणून आणली. स्विचरू येऊन तेव्हा नऊ वर्षं झाली होती.

तुमच्या लिनक्स लॅपटॉपमध्ये दोन चिप असतील तर आज रात्री बघा. फक्त एलएसपीसीआय चालवून तपासू नका. ती कमांड कार्डाची माहिती वाचायला जाते, त्यासाठी कर्नल त्याला उठवतो, आणि तुम्हाला वाटतं ते झोपतच नाही. सिस्एफएसमध्ये त्या कार्डाच्या पॉवर फोल्डरमध्ये रनटाइम स्टेटस नावाची फाइल आहे, ती वाचा. ‘सस्पेंडेड’ दिसलं, की झोपलंय.